स्टॉकफिशसाठी जास्त कॅशेचा प्रोसेसर घ्यावा का? पैसे एल३ वर घालावेत की कोअरवर?

सोलापुरी_प्यादं

नमस्कार मंडळी. फक्त बुद्धिबळाचं इंजिन (चाली शोधणारा प्रोग्रॅम, स्टॉकफिश) चालवण्यासाठी डेस्कटॉप जुळवायचा आहे. वापर दोनच. एक, आयसीसीएफचं (आंतरराष्ट्रीय पत्रोत्तर बुद्धिबळ महासंघ) पत्रोत्तर बुद्धिबळ. तिथे इंजिन वापरायला परवानगी असते, त्यामुळे एकेका पोझिशनवर मशीन रात्र-रात्र चालतं. दोन, क्लासमधल्या मुलांचे डाव संध्याकाळी तपासणं. गेम, व्हिडिओ एडिटिंग वगैरे काही नाही.

तीन प्रोसेसर डोक्यात आहेत. भारतातले भाव रोज हलतात, म्हणून बाजारात आले तेव्हाची डॉलरमधली किंमत देतो, म्हणजे प्रमाण कळेल.

रायझन ७ ७७०० : ८ कोअर, ३२ एमबी एल३, ३२९ डॉलर
रायझन ९ ७९०० : १२ कोअर, ६४ एमबी एल३, ४२९ डॉलर
रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी : ८ कोअर, ९६ एमबी एल३, ४४९ डॉलर

नव्या पेठेत विचारलं की सगळे शेवटच्याकडे बोट दाखवतात. कॅशे (एल३, म्हणजे प्रोसेसरमधली जलद मेमरी) ७७०० च्या तिप्पट आहे हे खरं. पण बुद्धिबळाला त्याचा उपयोग किती?

उंट_तिरका

७९००. बारा कोअर कमी पैशात मिळतायत. थ्रीडी कॅशे (एक्सथ्रीडीमधला जादा एल३) गेमसाठी आहे, इंजिनसाठी नाही.

चौसष्ट_घरं

उंटराव, उत्तर कदाचित बरोबर असेल, पण दिलेलं कारण जुनं झालं. २०२० च्या आधीचं स्टॉकफिश खरोखरच कॅशेबद्दल बेफिकीर होतं. मूल्यमापन हाताने लिहिलेलं, कोड लहान. डेटातलं एक मोठं टेबल म्हणजे हत्तीच्या चालींचं. त्यात १,०२,४०० नोंदी आणि प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८०० केबी. उंटाचं जेमतेम ४१ केबी.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं आणि त्यात एनएनयूई म्हणजे पोझिशनला गुण देणारं न्यूरल नेट शिरलं. (मूळ कल्पना यू नासू यांची, २०१८ ची, जपानी शोगीसाठी.) पहिल्या नेटचा पहिला थर ४१,०२४ × २५६ × २ बाइट, म्हणजे साधारण २१ एमबी. आता स्टॉकफिश १७ चं मोठं नेट घ्या: २२,५२८ × ३,०७२ × २ बाइट. गुणाकार करा, १३.८ कोटी बाइट होतात, म्हणजे १३२ एमबी. डिस्कवरची फाइल त्याहून बरीच लहान दिसते, कारण आकडे दाबून साठवलेले असतात. मेमरीत ते पूर्ण उलगडतात.

आता ९६ एमबीतसुद्धा हे मावत नाही. मग फरक पडतो की नाही? पडतो, पण वेगळ्या कारणाने. सविस्तर नंतर लिहितो.

अडीच_घर

लिहाच. १३२ एमबीचं नेट ३२ एमबीत मावत नाही, ९६ मध्येही मावत नाही. मग दोन्ही सारखेच रखडायला हवेत ना?

चौसष्ट_घरं

नाही, कारण पूर्ण नेटला एका वेळी हात लागतच नाही.

नेटचा पहिला थर राजा कुठल्या घरात आहे त्यावरून कप्प्यांत विभागलेला आहे. पट डावीकडून उजवीकडे आरशासारखा उलटवता येतो, म्हणून ६४ घरांचे ३२ कप्पे पुरतात. प्रत्येक कप्प्यात ११ प्रकारचे मोहरे × ६४ घरं, म्हणजे ७०४ ओळी. एक ओळ ३,०७२ × २ बाइट, म्हणजे बरोबर ६ केबी. एक कप्पा झाला ४.१ एमबी.

पांढऱ्याच्या बाजूने एक कप्पा, काळ्याच्या बाजूने एक. दोन्ही राजे किल्लेकोट करून बसले असतील तर शोध चालू असताना बहुतेक वेळ हे दोनच कप्पे आणि आजूबाजूचे दोन-चार लागतात. त्यातही सगळ्या ओळी लागत नाहीत. काळ्या घरातला उंट पांढऱ्या घरात कधीच जाणार नाही, प्यादं पहिल्या ओळीत कधीच येणार नाही. म्हणजे मध्यडावात नेटचा गरम (सतत लागणारा) भाग ३२ एमबीत आरामात बसतो.

आणि प्रत्येक चालीला पूर्ण थर नव्याने मोजत नाहीत. साधी चाल झाली की जुन्या घराची ओळ वजा, नव्या घराची ओळ जमा. हे दोन्ही बाजूंसाठी, म्हणजे ४ ओळी × ६ केबी = २४ केबी वाचन. मारामारीची चाल असेल तर मारलेल्या मोहऱ्याची ओळही वजा होते, म्हणजे ३६ केबी. झेन ४ चा (या तिन्ही प्रोसेसरची पिढी) एल१ डेटा कॅशे, म्हणजे कोअरच्या सगळ्यात जवळचा, ३२ केबी आहे. म्हणजे एल१ प्रत्येक चालीला धुऊन निघतो आणि सगळा भार एल२ वर आणि त्यामागे एल३ वर येतो.

खरी अडचण डावाच्या शेवटी होते. राजा चालायला लागला की दर पावलाला कप्पा बदलतो. सगळ्या ओळी नव्या कप्प्यातून गोळा कराव्या लागल्या असत्या, म्हणून स्टॉकफिशमध्ये फिनी टेबल नावाची सोय आहे: प्रत्येक राजघरासाठी शेवटची बेरीज जपून ठेवतात आणि फक्त फरक लावतात. पण त्यालाही जागा लागते. ६४ घरं × २ बाजू × ६ केबी, म्हणजे दर थ्रेडला (समांतर चालणाऱ्या प्रत्येक शोधाला) पाऊण एमबीच्या वर. राजा-प्याद्यांच्या, हत्तींच्या लांबलचक एंडगेममध्ये मोठ्या एल३ चा फायदा दिसायला हवा तो इथे.

श्रुती_जुळे_सोलापूर

चौसष्ट_घरं यांनी नेटचा हिशोब नेमका मांडला, पण एक मोठा भागीदार राहिला. नेट सगळ्या थ्रेडमध्ये मिळून एकच असतं. हिस्टरी टेबल मात्र प्रत्येक थ्रेडचं स्वतःचं.

त्यातलं सगळ्यात जाड टेबल म्हणजे आधीच्या चालीनंतर पुढची चाल कितपत चांगली ठरली याची नोंद. १६ × ६४ × १६ × ६४ जागा, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे २ एमबी. अशी चार (शह होता का, मारामारी होती का यावरून). एकूण दर थ्रेडला ८ एमबी.

८ थ्रेड म्हणजे ६४ एमबी. १२ थ्रेड म्हणजे ९६. यात नेटचा गरम भाग मिळवा आणि मग ३२ एमबीचा विचार करा. चालींचा क्रम लावताना हे टेबल प्रत्येक नोडला (शोधातल्या प्रत्येक पोझिशनला) वाचलं जातं, तेही उड्या मारत. ही वाचनं एल३ मध्ये सापडली तर प्रोसेसरच्या घड्याळाच्या पन्नासेक आवर्तनांत काम होतं. रॅमपर्यंत जावं लागलं तर ७०-८० नॅनोसेकंद, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला ३५० ते ४०० आवर्तनं.

म्हणून "कॅशे फक्त गेमसाठी" हे वाक्य मला पटत नाही.

उंट_तिरका

श्रुतीताई, मुद्दा मान्य. पण त्या ८ एमबीतल्या १६ पैकी ४ मोहरे-क्रमांक वापरातच नसतात, आणि एका पोझिशनच्या झाडात प्रत्येक मोहरा प्रत्येक घरात जात नाही. गरम भाग ८ एमबीच्या जवळपासही जाणार नाही.

श्रुती_जुळे_सोलापूर

बरोबर. १२ × १२ भागिले १६ × १६ केलं तर लगेच ४.५ एमबीवर येतं, आणि प्रत्यक्षात त्याहूनही खाली. पण नोंदी विखुरलेल्या असतात. कॅशे ६४ बाइटच्या तुकड्यांनी भरतो. २ बाइटची एक नोंद हवी असली तरी ३२ नोंदींएवढी जागा अडते. त्यामुळे "वापरात किती" पेक्षा "अडवली किती" हा आकडा मोठा निघतो.

गड्डा_यात्री

कॅशे आणि किंमत हा वाद १९९८ चाच आहे. इंटेलने स्वस्तातला सेलेरॉन काढला, २६६ आणि ३०० मेगाहर्ट्झ, आणि पैसे वाचवायला एल२ कॅशे पूर्ण काढून टाकला. लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी ३००ए आला. एल२ फक्त १२८ केबी, पण प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावणारा. पेंटियम २ मध्ये ५१२ केबी होता, पण तो अर्ध्या वेगाने. ३००ए ला ४५० मेगाहर्ट्झवर ताणला की महागड्या पेंटियमच्या बरोबरीने पळायचा, आणि बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचं त्या १२८ केबीत बऱ्यापैकी भागायचं. कॅशे किती, याच्याबरोबर किती वेगाचा आणि किती जवळ, हे पण विचारायचं असतं.

चौसष्ट_घरं

हा मुद्दा आजही लागू आहे. थ्रीडी कॅशे वर चढवल्यावर एल३ ला पोचायचा वेळ थोडा वाढतो. झेन ३ मध्ये ४६ आवर्तनांचा साधारण ५० झाला. आणि घड्याळ खाली येतं: ७७०० चं बूस्ट (कमाल वेग) ५.३ गिगाहर्ट्झ, ७८००एक्सथ्रीडीचं ५.०. ज्या पोझिशनमध्ये सगळं एल२ मध्येच भागतंय तिथे एक्सथ्रीडी मागे पडतो.

म्हणूनच एल२ बघा. झेन ३ मध्ये दर कोअरला ५१२ केबी, झेन ४ मध्ये १ एमबी. हत्तीचं ८०० केबीचं टेबल झेन ३ च्या एल२ मध्ये मावत नव्हतं, झेन ४ मध्ये निदान आकाराने मावतं. इंटेलच्या १२ व्या पिढीत मोठ्या कोअरला १.२५ एमबी, तेराव्यात १३९००के वर २ एमबी.

सोलापुरी_प्यादं

एवढं समजलं की मोठा एल३ निरुपयोगी नाही. मग ७९०० मधला ६४ एमबी आणि ७८००एक्सथ्रीडी मधला ९६, यात फक्त दीडपटीचा फरक झाला ना? किंमत तर जवळपास सारखी.

अडीच_घर

इथे जाहिरातीचा आकडा फसवतो. ७९०० मध्ये दोन चिपलेट (सिलिकॉनचे वेगवेगळे तुकडे) आहेत, प्रत्येकात ६ कोअर आणि ३२ एमबी एल३. एका चिपलेटचा कोअर दुसऱ्या चिपलेटचा एल३ स्वतःचा म्हणून वापरू शकत नाही. तिकडून डेटा आणायचा म्हणजे रॅममधून आणल्याइतका वेळ जातो. ३२ + ३२ अशी बेरीज करून खोक्यावर ६४ छापतात. प्रत्येक कोअरला दिसतो तो ३२ च. तसंच ७९५०एक्सथ्रीडीचे १२८ म्हणजे एका चिपलेटवर ९६ आणि दुसऱ्यावर ३२.

पण तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. ७७०० मध्ये ८ थ्रेड ३२ एमबी वाटून घेतात. ७९०० मध्ये दर चिपलेटवर ६ थ्रेड ३२ एमबी वाटून घेतात. म्हणजे दर थ्रेडच्या वाट्याला ४ ऐवजी ५.३ एमबी. ७८००एक्सथ्रीडी मध्ये १२ एमबी. नेटचा गरम भाग दोन्ही चिपलेटवर दोनदा ठेवावा लागतो, तेवढं नुकसान धरा.

माग_धोटा

स्वस्तातला सापळा राहिला की ओ सांगायचा. ५६०० आणि ५६००जी सारखेच दिसतात, दोन्ही ६ कोअर. पण ५६०० ला ३२ एमबी एल३, ५६००जी ला १६. ५५०० ला पण १६. ८६००जी ला पण १६. ग्राफिक्सवाली चिप मुळात लॅपटॉपची असती, तिथं एल३ अर्धा केलेला असतो. ५५०० आला तेव्हा १५९ डॉलर, ५६०० १९९. इंजिनसाठी हे चाळीस डॉलर वाचवू नका. ३२ वरनं ९६ वर जाण्यापेक्षा १६ वरनं ३२ वर जाणं लई महत्त्वाचं. १६ मध्ये दोन कप्पे आणि सहा थ्रेडची टेबलं दाटीवाटीनं बसतात.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी पण हेच बघा. ५८००एच आणि ७८४०एचएस, दोन्हीला १६.

बुरूज_उत्तर

हॅश टेबल ३२ एमबीवर ठेवलं की सगळं कॅशेत बसतं. नोड प्रति सेकंद लगेच वाढतात. करून बघा.

श्रुती_जुळे_सोलापूर

बुरूज, नोड वाढतात आणि खेळ कमजोर होतो. हॅश म्हणजे इंजिनाची वही. स्टॉकफिशमध्ये एक नोंद १० बाइटची. तीन नोंदी आणि २ बाइट भर घालून ३२ बाइटचा एक गठ्ठा होतो, म्हणजे ६४ बाइटच्या कॅशे-तुकड्यात बरोबर दोन गठ्ठे. १ जीबीमध्ये ३,३५,५४,४३२ गठ्ठे, म्हणजे साधारण १० कोटी नोंदी. ३२ एमबीमध्ये फक्त ३१ लाख. रात्रभराच्या विश्लेषणात ही वही काही सेकंदांत भरते आणि मग जुनं पुसून नवं लिहीत बसते. तेच तेच झाड पुन्हा पुन्हा शोधलं जातं. नोड जास्त, खोली कमी.

हॅश कॅशेत बसवायचा प्रयत्नच करायचा नाही. त्यातलं वाचन पूर्णपणे विखुरलेलं असतं, आणि स्टॉकफिश चाल खेळतानाच पुढच्या पोझिशनचा गठ्ठा आगाऊ मागवून ठेवतं. रॅममधून तो येईपर्यंत बाकीचं काम चालू राहतं.

किती ठेवायचा? इंजिन हॅशफुल नावाचा आकडा दाखवतं, १००० म्हणजे पूर्ण भरलं. विश्लेषणाच्या अर्ध्यातच १००० होत असेल तर दुप्पट करा. ३२ जीबी रॅम असेल तर १६ जीबी हॅश ठेवून बाकी सिस्टिमला सोडा. १६ जीबीमध्ये १६० कोटी नोंदी. सेकंदाला एक कोटी नोड धरले आणि प्रत्येक नोडची नवी नोंद होते असं कमाल धरलं तरी भरायला १६० सेकंद. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, कारण अनेक नोडची नोंद आधीपासून असतेच.

चौसष्ट_घरं

मोठ्या हॅशला दुसरी ठेच टीएलबीची (मेमरीच्या पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा छोटा कॅशे) लागते. साधी मेमरी ४ केबीच्या पानांत वाटलेली असते. १६ जीबीची होतात ४२ लाख पानं. कुठलं पान कुठे आहे हे शोधायलाच वेळ जातो, आणि तो शोधही कॅशेतली जागा खातो. २ एमबीची मोठी पानं वापरली की ८,१९२ पानांत काम होतं.

लिनक्सवर स्टॉकफिश ती स्वतः मागून घेतं. विंडोजवर हक्क द्यावा लागतो: लोकल सिक्युरिटी पॉलिसी, लोकल पॉलिसीज, युझर राइट्स असाइनमेंट, त्यात लॉक पेजेस इन मेमरी. आपलं खातं तिथे जोडायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. होम आवृत्तीत ही खिडकीच नसते, म्हणून प्रो घ्या किंवा लिनक्स टाका. मशीन बरेच दिवस चालू असेल तर मेमरी तुकड्या-तुकड्यांत मोकळी राहते आणि मोठी पानं मिळत नाहीत. रात्रीचं विश्लेषण लावायच्या आधी रीस्टार्ट करा. हे फुकटचं काम आहे, आणि हॅश जितकं मोठं तितका याचा फायदा जास्त.

अडीच_घर

फुकटातली आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे योग्य बायनरी (तयार प्रोग्रॅम फाइल). स्टॉकफिश वेगवेगळ्या सूचनासंचांसाठी वेगवेगळं मिळतं: एसएसई४१, एव्हीएक्स२, बीएमआय२, एव्हीएक्स-५१२, व्हीएनएनआय. नेटच्या त्या ६ केबीच्या ओळी जमा-वजा करायचं काम याच सूचना करतात. एव्हीएक्स२ एका सूचनेत १६ आकडे हाताळतं, एव्हीएक्स-५१२ ३२. झेन ४ वर जुनी एसएसई बायनरी टाकून बसलात तर थ्रीडी कॅशे घेऊनही तो तोटा भरून निघणार नाही.

एक खबरदारी: झेन १ आणि झेन २ वर बीएमआय२ ची आवृत्ती घेऊ नका. त्यातली पेक्स्ट सूचना त्या चिपांवर फार हळू चालते. झेन ३ पासून ती ठीक झाली.

गड्डा_यात्री

बाराव्या पिढीच्या इंटेलला एव्हीएक्स-५१२ नाही, बरोबर?

अडीच_घर

घरगुती चिपांत बंद केलेलं आहे. एव्हीएक्स-व्हीएनएनआय आहे, तीच बायनरी घ्यायची. १२४०० ला एल३ १८ एमबी, १३५०० ला २४. तिथे एल३ सगळ्या कोअरना एकत्रच दिसतो, चिपलेटची भानगड नाही.

बुरूज_उत्तर

श्रुतीताई, हॅशचं लक्षात आलं, बदललं. मग कॅशेचा फरक मोजायचा कसा? स्टॉकफिशची वेग मोजायची बेंच कमांड दिली तर दोन मशीनमध्ये काही फरकच दिसत नाही.

श्रुती_जुळे_सोलापूर

नुसतं बेंच म्हटलं की ते १६ एमबी हॅश, १ थ्रेड आणि खोली १३ धरतं. एका थ्रेडची टेबलं, १६ एमबी हॅश आणि नेटचा गरम भाग ३२ एमबीतही बहुतांशी बसून जातो. कॅशेवर ताणच येत नाही, मग फरक कुठून दिसणार? त्यात फक्त घड्याळाचा वेग मोजला जातो, म्हणून एक्सथ्रीडी उलट मागे दिसतो. दोन्ही बाजूंचे लोक हाच आकडा पुढे करून भांडतात.

असं करा: बेंच २०४८ ८ १०००० डिफॉल्ट मूव्हटाइम (अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं). म्हणजे २ जीबी हॅश, ८ थ्रेड, प्रत्येक पोझिशनला १० सेकंद. पन्नासेक पोझिशन असतात, आठ-नऊ मिनिटं लागतात. शेवटचा नोड प्रति सेकंद आकडा घ्या. तीनदा चालवून मधला धरा. खोली ठरवून मोजू नका. थ्रेड अनेक असले की तीच खोली गाठायला दर वेळी वेगवेगळे नोड लागतात.

त्याआधी एकदा नुसतं चालवून तो आकडा सोडून द्या. थंड मशीनवर पहिली दोन-तीन मिनिटं बूस्ट जास्त मिळतं.

माग_धोटा

थंड मशीन म्हणलात म्हणून लिहितो. सोलापुरात ही चर्चा एप्रिल-मे सोडून करता येत नाही.

७८००एक्सथ्रीडीची तापमानाची हद्द ८९ अंश. ७७०० आणि ७९०० ची ९५. झेन ३ आणि झेन ४ मध्ये जादा कॅशेचा थर कोअरच्या चिपलेटच्या डोक्यावर बसवलाय, म्हणजे उष्णता त्या जादा थरातनं वर यायची. (९८००एक्सथ्रीडीपासून तो थर खाली घेतला, म्हणून तिथं ही अडचण कमी.)

आता हिशोब. २५ अंशांच्या खोलीत ८९ पर्यंत ६४ अंशांचा वाव आहे. ४३ अंशांच्या खोलीत ४६ चा. उष्णता वाहते ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे तोच कूलर २८ टक्के कमी वॅट बाहेर टाकतो. २५ अंशांत १२० वॅट झेपवणारा कूलर मेमध्ये ८६ वॅटवर येऊन थांबतो, आणि केसच्या आतली हवा खोलीपेक्षा आणखी पाच-सात अंश वर असती ते निराळंच. इंजिन गेमसारखं मधनं श्वास घेत नाही, सगळे कोअर रात्रभर शंभर टक्के.

७७०० आणि ७९०० हे दोन्ही ६५ वॅटवाले, प्रत्यक्ष सॉकेटला ८८ वॅटची हद्द. बारा कोअर ८८ वॅटमध्ये चालवायचे म्हणजे घड्याळ खाली येणार, पण कमी घड्याळावर दर वॅटला काम जास्त निघतं. आपल्या हवेला तेच बरं.

दुसरं, तूस. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला किंवा जिथं घरात-शेजारी माग आहेत, तिथं टॉवेल-चादरीचं सुती तूस हवेत असतंय. ते धुळीसारखं पडत नाही, कूलरच्या पात्यांत फॅनच्या बाजूनं नमद्यासारखं थापतं. वरनं स्वच्छ दिसतं, आत हवा जात नाही. पुढच्या जाळीला बारीक नायलॉन फिल्टर लावा, पंधरा दिवसांनी धुवा. दोन महिन्यांनी फॅन काढून पाती मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर मारणार असाल तर फॅन बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

उंट_तिरका

वीज गेली तर? रात्री तीन वाजता सोळा जीबीची वही कोरी.

माग_धोटा

स्टॉकफिश हॅश डिस्कवर ठेवत नाही, त्यामुळे वीज गेली की गेलं. ६०० व्हीएच्या यूपीएसला साधारण ३६० वॅट झेपतात, ग्राफिक्स कार्डाशिवायच्या मशीनला पुष्कळ झाले. पण बॅटरी काही मिनिटंच टिकती. यूपीएसची यूएसबी वायर जोडा आणि बॅटरी कमी झाली की हायबरनेट लावा. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, वही वाचती. त्यासाठी एसएसडीवर रॅमएवढी मोकळी जागा ठेवा.

श्रुती_जुळे_सोलापूर

डिस्कवरून आठवलं. सिझिगी एंडगेम टेबलं (थोडे मोहरे उरलेल्या पोझिशनची तयार उत्तरं) पाच मोहऱ्यांपर्यंत जेमतेम १ जीबी, सहा मोहऱ्यांची साधारण १५० जीबी. पत्रोत्तर बुद्धिबळाला सहाची घ्याच, आणि एसएसडीवरच ठेवा. हार्ड डिस्कवर ठेवली तर इंजिन वाट बघत बसतं आणि नोड इतके पडतात की कॅशेची चर्चा व्यर्थ ठरते.

सोलापुरी_प्यादं

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. ताकदीच्या भाषेत सांगा, कॅशेने एलो (खेळाच्या ताकदीचे गुण) किती मिळतो आणि कोअरने किती?

चौसष्ट_घरं

ढोबळ नियम असा: वेग दुप्पट झाला की जलद डावांत ५० ते ७० एलो. जितका वेळ जास्त तितका हा आकडा कमी, कारण बरोबऱ्या वाढतात. ६० धरून चला.

समजा मोठ्या कॅशेने १० टक्के वेग मिळाला. २ च्या पायावर १.१ चा लॉग ०.१३७५, गुणिले ६० म्हणजे ८ एलो. समजा बारा कोअरने, घड्याळ उतरल्याचा तोटा धरून, ३५ टक्के नोड जास्त मिळाले. लॉग ०.४३, म्हणजे २६. थ्रेड वाढले की थोडं काम दुबार होतं, म्हणून २० धरा. रात्रभराच्या विश्लेषणात दोन्ही आकडे आणखी खाली येतील, पण प्रमाण तेच राहील.

७७०० पासून मोजा. ७९०० ला १०० डॉलर जादा, ७८००एक्सथ्रीडीला १२०. एक्सथ्रीडीसाठी किमतीत ३६ टक्के वाढ देऊन तेवढाच वेग एकाच विश्लेषणात मिळेल, असं वरच्या कुठल्याच हिशोबातून निघत नाही.

श्रुती_जुळे_सोलापूर

सहमत. एक अपवाद मात्र नोंदवते, पुढे कोणी हा धागा शोधत आलं तर उपयोगी पडेल. इंजिनाच्या चाचण्या घेणाऱ्यांनी एक्सथ्रीडीचा विचार करावा. तिथे एका थ्रेडचे आठ डाव एकाच वेळी चालतात, म्हणजे इंजिनाच्या कितीतरी प्रती एकदम. स्टॉकफिश १७ मध्ये प्रत्येक प्रत आपलं नेट वेगळं उलगडते. आठ थ्रेडमध्ये वाटलेला एक गरम भाग राहत नाही, प्रत्येक डावाचा वेगळा होतो, तोही वेगवेगळ्या राजकप्प्यांचा. ३२ एमबीत आठ जणांची गर्दी होते. तिथे ९६ एमबीचे पैसे वसूल होतात.

तुमच्याकडे एकच प्रत, अनेक थ्रेड. तुम्हाला ती गरज नाही.

उंट_तिरका

आणि मुलांचे डाव तपासायला पाच वर्षं जुनं मशीनही पुरतं. तिथे वजीर फुकट गेला हे एका सेकंदात कळतं. त्यासाठी पैसे मोजूच नका.

सोलापुरी_प्यादं

ठरलं. ७९००, डीडीआर५ ६००० ची १६ जीबीची एक कांडी सध्या, दुसरी दिवाळीला. एक टीबी एसएसडी, प्रो विंडोजऐवजी लिनक्स, केसला पुढे फिल्टर.

माग_धोटा

एक कांडी नको ओ. एकाच कांडीवर मेमरीची एकच वाहिनी चालते, रुंदी निम्मी. बारा थ्रेडची एल३ मधनं सुटलेली सगळी वाचनं त्याच एका वाटेनं जाणार, म्हणजे वर जेवढा हिशोब झाला तेवढा पाण्यात. १६-१६ च्या दोन एकदमच घ्या, एकाच पाकिटातल्या. एसएसडी हवी तर आता लहान घ्या, सिझिगी दिवाळीला टाका. आणि कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. मग बायोसमध्ये जाऊन एक्सपो (मेमरीचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची मेमरी ४८०० वर पळत राहती आणि कळत पण नाही.

सोलापुरी_प्यादं

दोन कांड्या, ५०० जीबी एसएसडी. यादी बदलली. जोडणी झाली की श्रुतीताईंनी दिलेल्या पद्धतीने बेंच चालवून, खोलीचं तापमान लिहून आकडे इथेच टाकतो.

श्रुती_जुळे_सोलापूर

६, ८ आणि १२ थ्रेड असे तीन वेळा टाका. आणि ६ चं माप दोनदा घ्या: एकदा सगळे थ्रेड एकाच चिपलेटवर बांधून, एकदा दोन्हींवर तीन-तीन वाटून. लिनक्सवर टास्कसेटने बांधता येतात. त्यातून दर थ्रेडला एल३ किती पुरतो ते थेट दिसेल.